हलका बंपर, मोजून भरलेलं सामान: जिम्नीसारख्या छोट्या फोर-बाय-फोरसाठी

मारुती सुझुकीच्या पाच दारी जिम्नीचं कमाल एकूण वजन १५४५ किलो आहे. रिकाम्या गाडीचं वजन मॉडेलनुसार १२०० किलोच्या आसपास. म्हणजे माणसं, सामान, पाणी आणि तुम्ही बसवाल ती प्रत्येक ॲक्सेसरी मिळून हातात साधारण ३४५ किलो राहतात. सत्तर किलोची चार माणसं बसली की २८० गेले आणि उरले ६५. त्यात ४५ किलोचा लोखंडी बंपर, २५ किलोचा कॅरिअर आणि ३० किलोची विंच (अडकलेली गाडी दोरीने ओढून काढणारं मोटरचं यंत्र) धरली, तर एक पिशवी भरण्याआधीच गाडी ओव्हरलोड होते. पाटे किंवा स्प्रिंग जाड केले म्हणून ही मर्यादा वाढत नाही. ती ब्रेक, ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि चासी या सगळ्यांची मिळून ठरलेली असते.

म्हणून डिझाइनची सुरुवात वजनकाट्यावर करा. टाकी पूर्ण भरा, गाडी रिकामी करा आणि ट्रकच्या काट्यावर तीन वजनं घ्या: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं, फक्त मागची चाकं. काट्याच्या आजूबाजूची जमीन त्याच्याच पातळीत असेल अशी जागा निवडा, नाहीतर एकेका ॲक्सलचं वजन चुकतं. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाशी जुळतंय का ते बघा. बहुतेक काटे पाच-दहा किलोच्या टप्प्यांनी वाचतात, तेवढा फरक चालेल. हे तीन आकडे वहीत लिहा. पुढचं सगळं त्यांच्यात मिळवायचं आहे.

वजन किती आहे, त्याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. जिम्नीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर, २५९० मिमी. पुढच्या ॲक्सलच्या ६५० मिमी पुढे ५० किलो लटकवले, तर पुढच्या ॲक्सलवर ५० नव्हे, सुमारे ६२ किलो वाढतात आणि मागचे बारा-तेरा कमी होतात. मागच्या ॲक्सलच्या ९०० मिमी मागे ४० किलो टांगले, तर मागे ५४ वाढतात आणि पुढचे १४ उचलले जातात. पुढचा भार हलका झाला की चढावर आणि निसरड्या घाटवळणावर स्टिअरिंग ढिलं वाटतं. हिशोब सोपा आहे: व्हीलबेस आणि बाहेरचं अंतर यांची बेरीज करा, तिला भाराने गुणा आणि व्हीलबेसने भागा. प्रत्येक वस्तूसाठी हा आकडा काढला की अर्ध्या ॲक्सेसरी आपोआप यादीतून गळतात.

रस्त्यावरची गाडी आणि स्पर्धेची गाडी

भारतात हा फरक आधी करावाच लागतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१७ च्या पत्राने राज्यांना कळवलं की गाड्यांवरचे क्रॅश गार्ड आणि बुल बार हे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चं उल्लंघन आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४) नुसार नियमबाह्य बदलासाठी गाडीमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पोलिसांची भीती हा यातला लहान भाग आहे. कंपनीच्या बंपरमागे चुरगळणारा भाग असतो. धडकेची ऊर्जा तो खातो आणि एअरबॅग कधी उघडायची याचं गणित त्यावर बसवलेलं असतं. चासीला घट्ट जोडलेली जाड प्लेट ते गणित बिघडवते. शिवाय प्लास्टिकचा बंपर पायी चालणाऱ्याला लागला तर वाकतो. पाच मिलिमीटरची प्लेट वाकत नाही.

म्हणून आमचं स्पष्ट मत: रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचा कंपनीचा बंपर जागेवर ठेवा आणि ताकद त्याच्या खाली आणि मागे घाला. पूर्ण धातूचा बंपर फक्त स्पर्धेच्या किंवा खासगी जमिनीवर चालणाऱ्या गाडीला लावा आणि ती गाडी ट्रेलरवरून न्या. गोव्यात भर पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत उतरणाऱ्यांना खालचा 'स्पर्धेच्या गाडीचा पुढचा बंपर' हा भाग उपयोगी पडेल. बाकीच्यांनी स्किड प्लेट (इंजिनखालचं कवच), रिकव्हरी पॉइंट (अडकलेली गाडी ओढायला दोरी लावायची जागा) आणि स्लायडर (दारांखालचे बाजूचे पाइप) यांवर पैसे घालावेत. कोणताही बदल करण्याआधी आरटीओत चौकशी करा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेला बदल दावा नाकारायला पुरतो.

धातू कुठला, किती जाडीचा

तीन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी प्लेटचं वजन चौरस मीटरला २३.५ किलो भरतं. पाच मिलिमीटर ॲल्युमिनियमचं १३.५ किलो. ॲल्युमिनियमचा ताठरपणा लोखंडाच्या एक-तृतीयांश असतो, पण प्लेटचा ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. त्यामुळे ३ मिमी लोखंडाइतकीच ताठ प्लेट सुमारे ४.३ मिमी ॲल्युमिनियममध्ये मिळते आणि वजन जवळपास निम्मं होतं. बाजारात ४, ५ आणि ६ मिमी सहज मिळते. कवचासाठी ४ किंवा ५ घ्या.

जाडी वाढवण्याआधी घडी वाढवा. प्लेटच्या मोकळ्या कडेला २०-२५ मिमीची आत वळवलेली पट्टी दिली की ४ मिमीची प्लेट सपाट ६ मिमीपेक्षा ताठ होते. मोठ्या सपाट भागाला मधून एक उथळ घडी द्या. वजन कमी करायला भोकं पाडायची असतील तर डिंपल डायने त्यांच्या कडा वळवून घ्या. नुसतं भोक प्लेट कमकुवत करतं. कडा वळवल्या की त्या भागाचा ताठरपणा बराचसा परत मिळतो.

ॲल्युमिनियमच्या दुकानात 'हार्ड घ्या, सहा हजार सिरीज' असं सांगतात. ६०६१-टी६ कागदावर मजबूत आहेच, पण दोन ठिकाणी फसवतं. तीक्ष्ण वाकवलं तर घडीवर तडकतं आणि वेल्डिंगच्या कडेला त्याची ताकद जवळपास निम्मी होते. वाकवून बनवायच्या भागांसाठी ५०५२-एच३२ घ्या आणि आतली त्रिज्या जाडीच्या दीड ते दोन पट ठेवा. वेल्डिंग जास्त असलेल्या, मार खाणाऱ्या भागांसाठी ५०८३ चांगलं. मात्र ५०८३ सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरजवळ लावू नका. त्यात मॅग्नेशियम चार टक्क्यांच्या वर असतं आणि सतत ६५ अंशांच्या पुढची उष्णता लागली तर कालांतराने ते दमट-खाऱ्या हवेत कणांच्या सीमांवरून खचतं. तिथे ५०५२ ठेवा. ७०७५ वेल्ड करायचा विचारही नको.

सगळंच ॲल्युमिनियमचं करणं मात्र चूक. दगडावर घासणाऱ्या भागात ॲल्युमिनियम दगडाला चिकटतं, खरवडून निघतं आणि गाडी अडकते. लोखंड घसरून पुढे जातं. म्हणून बाजूचे स्लायडर लोखंडी पाइपचेच करा. ४८.३ मिमी व्यासाचा, ३.२ मिमी जाडीचा पाइप मीटरला ३.५६ किलो भरतो. २.६ मिमीचा घेतला तर २.९ किलो, पण तो मोठ्या दगडावर चेपतो. स्ट्रक्चरल किंवा सीमलेस पाइप मागा, नळाच्या कामाचा जीआय पाइप नको. त्याच्या जस्तावर वेल्डिंग केलं की विषारी धूर निघतो आणि सांधाही सच्छिद्र होतो. विंचची प्लेट आणि रिकव्हरी पॉइंट हेही लोखंडाचेच. बाकी कवच, स्किड प्लेट, कॅरिअर आणि डिकीतला मंच यांत ॲल्युमिनियमचा खरा फायदा आहे.

रस्त्याच्या गाडीसाठी: खालून संरक्षण

स्किड प्लेटला ५०५२ ची ४ मिमी प्लेट पुरते. पुढचा भाग सुमारे ३० ते ३५ अंश वर चढता ठेवा म्हणजे दगड आला की गाडी वर सरकते. प्लेट इंजिनवर नाही, चासीच्या आडव्या मेंबरवर बसली पाहिजे. ऑइल सम्प आणि प्लेट यांत किमान २५ मिमी फट ठेवा. इंजिन रबर माउंटिंगवर हलतं आणि प्लेटही मार लागल्यावर आत येते. ऑइल काढायच्या बोल्टखाली ६० मिमीचं भोक ठेवा, नाहीतर प्रत्येक सर्व्हिसला गॅरेजवाला प्लेट काढेल आणि परत घालताना दोन बोल्ट कमी लावेल. प्लेटच्या मागच्या भागात हवा बाहेर पडायला फटी द्या, पण फटीची वरची कड मागे झुकलेली असू द्या म्हणजे चिखल आत ओतला जाणार नाही. बोल्टची डोकी प्लेटमध्ये खोल बसवा. बाहेर राहिलेलं डोकं पहिल्याच दगडावर घासून गोल होतं आणि मग पाना बसत नाही.

रिकव्हरी पॉइंट पुढे दोन, मागे दोन. कंपनीचे हुक बंद पडलेली गाडी सरळ रस्त्यावर ओढायला किंवा जहाजावर बांधायला दिलेले असू शकतात. चिखलातून झटक्याने काढायला कोणता चालतो ते मॅन्युअलमध्ये बघा. नवीन पॉइंटसाठी १० ते १२ मिमी जाडीची ई३५० ग्रेडची लोखंडी प्लेट, दोन एम१२ बोल्ट, ग्रेड १०.९. साधारण ३.२५ टनी शॅकलची (दोरी अडकवायच्या पिनवाल्या कडीची) पिन १९ मिमीची असते, तिला २२ मिमीचं भोक द्या आणि भोकाच्या कडेपासून प्लेटच्या कडेपर्यंत किमान ३० मिमी धातू सोडा. दोरीची सॉफ्ट शॅकल वापरणार असाल तर भोकाची कड दोन्ही बाजूंनी किमान ३ मिमी त्रिज्येने गोल करा आणि बोट फिरवून बघा. बोटाला जाणवणारी धार ताणाखाली दोरी कापते. दोन्ही पॉइंटमधून ब्रायडल दोरी लावताना तिच्या दोन फाट्यांमधला कोन ६० अंशांपेक्षा कमी राहील इतकी ती लांब घ्या. टो बारच्या गोळ्याला रिकव्हरीची दोरी कधीही अडकवू नका. तो तुटला की तोफेच्या गोळ्यासारखाच सुटतो आणि त्याने माणसं मेली आहेत.

चासीच्या पोकळ नळीतून आरपार बोल्ट टाकायचा असेल तर आत मापाची नळी घाला. नाहीतर बोल्ट आवळला की चासी चेपते आणि काही दिवसांत बोल्ट पुन्हा ढिला. चासीवर वेल्डिंग नको, आणि तिच्या वरच्या-खालच्या पट्टीत नवीन भोकंही नकोत. कंपनीने ठेवलेली भोकं शोधा. बहुतेक गाड्यांत हवी तिथेच सापडतात.

स्पर्धेच्या गाडीचा पुढचा बंपर

पहिलं काम पुठ्ठ्यावर. कंपनीचा बंपर उतरवा, चासीची टोकं उघडी करा आणि जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापून टेपने जोडत पूर्ण बंपर उभा करा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा आणि एक पुढचं चाक जॅकने शक्य तितकं वर दाबलेल्या स्थितीत आणून पुन्हा फिरवा. टायर आणि पुठ्ठा यांत किमान ३० मिमी जागा हवी. इथे आळस केला तर पुढे ग्राइंडरने तयार बंपरचे कोपरे कापत बसावं लागतं आणि कापलेल्या कडेला घडी नसल्याने ती फाटायला लागते.

मग अप्रोच अँगल बघा, म्हणजे बंपर न टेकता गाडी किती उभ्या चढाला भिडू शकते तो कोन. सरळ पट्टी पुढच्या टायरच्या समोरच्या गोलाईला खालून टेकवून बंपरच्या सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत धरा आणि मोबाइलचं कोनमापक तिच्यावर ठेवा. मूळ जिम्नीला ३६ अंश मिळतात. नवा बंपर त्यापेक्षा कमी देत असेल तर तो बांधायचं कारणच उरत नाही. कोपरे वर उचललेला आखूड बंपर ४२-४५ अंशांपर्यंत जाऊ शकतो आणि तोच हलकाही असतो.

आकाराचा अंदाज घ्या. आखूड बंपरला सुमारे ०.९ चौरस मीटर प्लेट लागते. ३ मिमी लोखंडात हे २१ किलो, ५ मिमी ॲल्युमिनियममध्ये १२ किलो. विंचची प्लेट आणि चासीचे ब्रॅकेट ६ मिमी लोखंडाचे धरले तर ०.१२ चौरस मीटरचे साडेपाच-सहा किलो दोन्हीकडे वाढतात. एकूण २७ विरुद्ध १८. हा नऊ किलोंचा फरक गाडीच्या अगदी टोकाला आहे, म्हणून ॲक्सलवर तो अकरासारखा लागतो.

विंच निवडताना गाडीच्या कमाल वजनाच्या दीडपट ताकद धरा: १५४५ ला दीडने गुणलं की २३२० किलो. म्हणजे ६००० पौंडांची, सुमारे २७०० किलो ओढणारी विंच पुरते. मोठी विंच म्हणजे नुसतं वजन. तार काढून सिंथेटिक दोरी घातली की एकट्या दोरीत काही किलो वाचतात, शिवाय तुटली तर तारेसारखी सपकन येत नाही. दोरीबरोबर रोलर फेअरलीड (दोरी बाहेर येते ती चौकट) ठेवू नका, ॲल्युमिनियमचं गुळगुळीत हॉस फेअरलीड लावा. तारेने खरवडलेला जुना रोलर नवी दोरी एका दिवसात उसवतो. मोठ्या विंचच्या पायांची भोकं बहुधा २५४ गुणिले ११४.३ मिमीच्या मापावर असतात, लहान विंचची वेगळी. विंच हातात आल्याशिवाय प्लेटला भोकं पाडू नका. विंच रेडिएटरसमोर किती जागा अडवते तेही पुठ्ठ्यातच बघा. उन्हाळ्यात घाट चढताना इंजिन तापतं त्याचं कारण बरेचदा रेडिएटरसमोर मांडलेली विंच आणि दोन मोठे दिवे असतात.

पुठ्ठा सोडवून सपाट करा, माप काढून लेझर कटिंगला द्या. भोसरी, चाकण, अंबड, वाळूज अशा कोणत्याही औद्योगिक वसाहतीत हे काम होतं. बेंडिंगवाल्याला धातूचा ग्रेड आणि हवी ती आतली त्रिज्या लिहून द्या. तोंडी सांगितलं तर तो लोखंडाचाच डाय वापरतो आणि घडीच्या बाहेरच्या कडेला बारीक सुरकुत्यांसारख्या भेगा येतात. अशी प्लेट घेऊ नका.

ॲल्युमिनियमचं वेल्डिंग आर्गनवर, एसी करंटने करा. जोडायची जागा ॲसिटोनने पुसा, मग फक्त ॲल्युमिनियमसाठी ठेवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने घासा. लोखंड घासलेला ब्रश इथे चालत नाही. ५०५२ आणि ५०८३ ला ५३५६ ची फिलर रॉड वापरा. वर्कशॉपमध्ये पडून असलेली ४०४३ वापरली तर ५०८३ चा सांधा ठिसूळ होतो. आधी सगळीकडे टाके घाला, बंपर गाडीवर चढवून बघा, उतरवा आणि मगच पूर्ण वेल्ड करा, तेही एका बाजूला सलग नाही, आलटूनपालटून. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडापेक्षा दुप्पट पसरतं. सलग वेल्ड केलेला बंपर केळ्यासारखा वाकतो आणि मग ब्रॅकेटची भोकं जुळत नाहीत. गाडीवर टाके घालताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

वेल्डच्या शेजारचा साधारण २५ मिमीचा पट्टा मऊ पडलेला असतो. सर्वांत जास्त ताण येणारी जागा, म्हणजे ब्रॅकेटचं मूळ, त्या पट्ट्यात येऊ देऊ नका. म्हणूनच लोखंडी ब्रॅकेट आणि ॲल्युमिनियमचं कवच यांची जोडणी बोल्टने करतात: दर बाजूला किमान चार एम१० बोल्ट, ग्रेड ८.८, मोठे वायसर, टॉर्क ४५ ते ५० न्यूटन मीटर. याच ग्रेडच्या एम१२ ला सुमारे ८० आणि एम८ ला २५. आवळून झाल्यावर नट आणि प्लेटवर रंगाची एकच रेघ ओढा, म्हणजे नट सरकला की नुसत्या नजरेने कळतं. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासा.

लोखंड आणि ॲल्युमिनियम एकत्र आले आणि खारा ओलावा मिळाला की ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत झडतं. अलिबाग ते वेंगुर्ला पट्ट्यात हे एका पावसाळ्यात दिसतं. दोन धातूंच्या मधल्या दोन्ही पृष्ठभागांवर एपॉक्सी प्रायमर द्या, वाळू द्या, बोल्टवर नायलॉनची पातळ नळी चढवा आणि जस्ताचं कोटिंग असलेले बोल्ट घ्या. मध्ये जाड रबरी वायसर घालायचा सल्ला ऐकू नका. रबर दबतं, बोल्टचा ताण जातो आणि मग तोच बोल्ट हलून भोक लांबट करतो. बाहेरून मात्र ॲल्युमिनियमला रंग देऊच नका. उघडं ॲल्युमिनियम स्वतःवर पापुद्रा धरून टिकतं, रंगाचं वजन वाचतं आणि भेग पडली तर लगेच दिसते. बंद पोकळी ठेवली असेल तर सर्वांत खालच्या बिंदूला ८ ते १० मिमीचं भोक हवंच.

बसवून झाल्यावर गाडी सपाट जमिनीवर उभी करून पुढच्या फेंडरची उंची आधीच्या मोजमापाशी ताडून बघा. नाक २० मिमी खाली बसलं असेल तर हेडलाइटचा झोत जवळ पडतो. मागे सामान भरून नाक वर गेलं तर समोरच्याच्या डोळ्यांत. दोन्ही वेळा झोत नव्याने लावा.

सामान: आधी आत, मग वर, मागे शेवटी

जिम्नीची डिकी मागची सीट उभी असताना २०८ लिटर, सीट पाडली की ३३२. दोघंजण फिरणार असाल तर सीट पाडून त्यावर सपाट मंच करा. ड्रॉवरची तयार यंत्रणा दिसायला छान, पण तिचं वजन सहज चाळीस किलोच्या पुढे जातं आणि लहान गाडीत ते परवडत नाही. १२ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय चौरस मीटरला साडेआठ किलोच्या आसपास भरतो. त्याखाली ४० गुणिले ४० चं ॲल्युमिनियम प्रोफाइल, मीटरला दीड-पावणेदोन किलो. पूर्ण मंच १५ किलोंत बसतो. खाली पाण्याचे चपटे कॅन आणि हत्यारं, वर हलके डबे. जड वस्तू सीटच्या पाठीला चिकटवून, तळाशी.

प्रत्येक वस्तू बांधलेली असली पाहिजे. धडकेत गाडीला क्षणभर २० जी (गुरुत्वाच्या वीसपट) धक्का बसला तर २० किलोचा डबा ४०० किलोंचा होऊन पुढे येतो. रॅचेट पट्टे मंचाला नाही, मंचाखाली गाडीच्या बॉडीतल्या कड्यांना अडकवा. पट्ट्यावरच्या लेबलवरची भारक्षमता वाचा. लेबल नसलेला पट्टा ताडपत्री बांधायला ठेवा. माणूस मागे बसणार असेल तर सीटबेल्टचे बोल्ट सामानासाठी वापरायचे नाहीत.

छतावरचा कॅरिअर हा सर्वांत महागडा किलो. जिम्नीच्या छताला जुन्या जिप्सीसारखीच पावसाची पन्हळ आहे, त्यामुळे भोक न पाडता पन्हळीला पकडणारे सहा पाय लावता येतात. पण परदेशी तीन दारी जिम्नीच्या छताला कंपनी ३० किलोच देते आणि कॅरिअर स्वतः त्यातच मोजायचा असतो. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. २० किलोचा कॅरिअर घेतला तर वर ठेवायला दहा उरतात: एक तंबू, दोन स्लीपिंग बॅग. एवढ्यासाठी दोन आडव्या पट्ट्या आणि जलरोधक पिशवीही पुरते. छतावर जमिनीपासून १.८ मीटर उंचीवर ४० किलो ठेवले, तर १४०० किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य सुमारे ३३ मिमी वर सरकतो. आडव्या उतारावर हे चालकाला लगेच जाणवतं.

कॅरिअर घेताना वेल्ड केलेला घेऊ नका, बोल्टने जोडलेल्या पट्ट्यांचा घ्या. लोखंडाला ठरावीक ताणाखाली कितीही हादरे बसले तरी ते टिकतं. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही, प्रत्येक हादरा जमा होत जातो. नागमोडी खडबडीत रस्त्यावर वेल्डची कड आधी फुटते, बोल्टचा सांधा मात्र थोडा सरकून हादरा खातो आणि पट्टी बदलताही येते. पन्हळीच्या पकडीखाली पातळ ईपीडीएम रबराची पट्टी ठेवा आणि दर मे महिन्यात पाय काढून धुवा. अडकलेली वाळू रंग खरवडते आणि तिथूनच छताचा गंज सुरू होतो.

मागच्या दारावर स्टेपनी असतेच. त्यावर जेरी कॅन टांगणं म्हणजे बिजागऱ्या तोडणं. २० लिटर पेट्रोल आणि कॅन मिळून १९ किलोंच्या आसपास भरतात, आणि मागून धडक बसली तर पहिला चेपतो तो कॅन. मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पंपावरचा 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' हा फलक प्रसिद्ध आहे. जिम्नीची टाकी ४० लिटरची, चढावर १२ चा ॲव्हरेज धरला तरी ४८० किलोमीटर. तांदीला टाकी काठोकाठ भरली की कॅनची गरज बहुतेकांना पडत नाही. न्यायचाच असेल तर धातूचा, झडप असलेला, बाहेर आणि ॲक्सलच्या शक्य तितक्या जवळ. कोणत्याही मागच्या रॅकने नंबरप्लेट, टेललॅम्प किंवा इंडिकेटर झाकता कामा नये.

तपासणी

खडतर प्रवासानंतर गाडी धुवा आणि टॉर्च घेऊन खाली झोपा. वेल्डच्या अगदी कडेला केसाएवढी काळी रेघ किंवा करडी भुकटी दिसली तर ती घाण समजून पुसून पुढे जाऊ नका. भेग दाखवणाऱ्या डाय पेनिट्रंटचे तीन स्प्रे वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतात. क्लीनरने जागा स्वच्छ करा, लाल रंग मारून दहा मिनिटं थांबा, कापडावर क्लीनर घेऊन पुसा (थेट भेगेवर फवारू नका, आतला रंग धुऊन जातो), मग पांढरा डेव्हलपर मारा. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ हळूहळू वर येते आणि ती नेमकी कुठे संपते तेही दिसतं. कवचाच्या प्लेटवरची भेग टोकाला ३ मिमीचं भोक पाडून तात्पुरती थांबवता येते. ब्रॅकेटवर किंवा रिकव्हरी पॉइंटवर असेल तर तो भाग त्याच दिवशी काढा आणि नवा बसेपर्यंत त्याला दोरी लावू नका.